अनाम समूहाला केलेला नमस्कार

नमस्काराला जसा कर्ता असतो तसा विषयही असावा लागतो, आणि हा विषय नावाने, रूपाने किंवा नात्याने ओळखता येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आईवडिलांना, गुरूला, ग्रामदेवतेला किंवा कुलदैवताला केलेल्या नमस्कारात ही समजूत कुठेही अडत नाही. जैन परंपरेतील नमस्कार महामंत्र मात्र तिच्यात बसत नाही, कारण त्याच्या पाच मूळ पदांत ऋषभदेव, पार्श्वनाथ किंवा महावीर यांपैकी एकाचेही नाव येत नाही. नमन केले जाते ते अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू या पाच अवस्थांना, ज्यांना एकत्रितपणे पंचपरमेष्ठी म्हणतात. ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, वसईच्या खाडीच्या दक्षिणेस वसलेल्या मीरा-भाईंदरमध्ये राजस्थान आणि गुजरातेतून आलेली जैन कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि भाईंदर पश्चिमेच्या बावन जिनालयापासून सोसायट्यांच्या तळमजल्यावरील छोट्या उपाश्रयांपर्यंत हा मंत्र रोज पहाटेपासून म्हटला जातो. म्हणणाऱ्याला त्या पाच समूहांत आज कोण कोण आहे हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असावे अशी अपेक्षाही नसते. मग हा नमस्कार नेमका कोणाला होतो, तो पोहोचतो असे कोणत्या अर्थाने म्हणायचे, आणि ज्याच्या सदस्यांची यादी कोणाकडेच नाही अशा समूहाला उद्देशून बोलणे सार्थ कसे ठरते, हे प्रश्न केवळ जैन तत्त्वज्ञानाचे राहत नाहीत. समुदायाला संबोधणाऱ्या प्रत्येक धर्मवचनाला ते लागू होतात.

या प्रश्नाची एक अत्यंत काटेकोर मांडणी विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा क्षेत्रात झाली, जिथे धर्माचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. इंटरनेटवर माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांतून प्रवास करते, प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात, आणि वाटेवरची राउटर ही यंत्रे घेणाऱ्याचा पत्ता वाचून पॅकेटचा पुढचा मार्ग ठरवतात. दीर्घकाळ रुळलेल्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ अंकांचा असतो आणि ठिपक्यांनी विभागलेल्या चार संख्यांत लिहिला जातो. एका पत्त्याने एकच यंत्र दाखवायचे, या पद्धतीला युनिकास्ट म्हणतात. हीच माहिती हजार जणांना हवी असेल तर युनिकास्टमध्ये तिच्या हजार प्रती पाठवाव्या लागतात. उलट एका स्थानिक जाळ्यातील झाडून साऱ्या यंत्रांना एकच प्रत पाठवण्याच्या पद्धतीला ब्रॉडकास्ट म्हणतात. तिच्यात प्रती वाचतात, पण ज्यांना त्या माहितीशी काही देणेघेणे नाही त्या यंत्रांनाही आपले काम थांबवून ती तपासावी लागते. ‘एक’ आणि ‘सर्व’ या दोन टोकांच्या मध्ये ‘काही’ या संख्येसाठी पत्ता कसा द्यायचा, हा प्रश्न स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह डीअरिंग आणि डेव्हिड शेरिटन यांनी हाती घेतला. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी यजमान-समूहांची कल्पना मांडली, आणि ऑगस्ट १९८९ मध्ये डीअरिंग यांनी लिहिलेल्या आरएफसी १११२ या दस्तऐवजाने मल्टिकास्ट, म्हणजे समूहप्रेषण, इंटरनेटच्या मानकांत दाखल झाले.

त्यासाठी २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते राखून ठेवण्यात आले. या पत्त्यांचे पहिले चार बिट ठरलेले असल्याने उरलेल्या २८ बिटांत २६ कोटींहून अधिक समूह मावतात. त्यांतला कोणताही पत्ता कुठल्याही यंत्राचा नसतो, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण तत्त्वचिंतकाला थबकायला लावणारी गोष्ट हीच आहे: ज्याला पत्ता म्हणायचे त्याच्या मागे घर नाही. उदाहरणार्थ, २२४.०.०.२ म्हणजे ‘या जाळ्यातील सर्व राउटर’, आणि घरोघरच्या वायफायवर मोबाइलला टीव्ही किंवा प्रिंटर सापडतो तो बहुधा २२४.०.०.२५१ या समूहपत्त्यावर टाकलेल्या पृच्छेमुळे. डीअरिंग यांच्या मांडणीत तीन गोष्टी मूलभूत होत्या. पाठवणाऱ्याला सदस्य कोण आहेत हे माहीत नसते. पाठवणारा स्वतः सदस्य असण्याची गरज नसते. आणि कोणतेही यंत्र केव्हाही समूहात येऊ शकते किंवा त्यातून बाहेर पडू शकते. सदस्यांची पूर्ण यादी जाळ्यात कुठेच ठेवलेली नसते. राउटरला ठाऊक असते ते एवढेच, की आपल्या या बाजूला या समूहाचा निदान एक तरी श्रोता आहे की नाही.

नमस्कार मंत्राकडे या दृष्टीने पाहिले तर त्याची रचना अधिक स्पष्ट होते. षट्खंडागम या दिगंबर आगमाच्या आरंभी हा पंचपदी मंत्र मंगल म्हणून येतो. त्याहून जुन्या लेखांत नमनाची पदे कमी आहेत, ओडिशातील खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाच्या प्रारंभी दोन आहेत, आणि पुणे जिल्ह्यात मावळातल्या पाले येथील गुंफेतील ब्राह्मी लेख अर्हंतांना केलेल्या एकाच नमनाने सुरू होतो. दोन हजार वर्षांमागे मावळच्या डोंगरात कोरलेल्या त्या ओळीतही व्यक्तिनाम नाही. दान देणाऱ्याचे आहे, ज्यांना नमन केले त्यांचे नाही. पाचव्या पदात साधूंच्या आधी ‘लोकातील सर्व’ अशा अर्थाचे शब्द येतात, आणि षट्खंडागमावरील धवला टीकेत वीरसेनाचार्यांनी हे शब्द अंत्यदीपक मानले आहेत, म्हणजे शेवटी ठेवलेला दिवा जसा मागच्या खोल्याही उजळतो तसे ते शेवटच्या पदात येऊन मागच्या चारही पदांना लागू पडतात. व्याप्तीचा हा खुलासा झाल्यावर मंत्राचा विषय असे पाच समूह ठरतात, ज्यांची सीमा म्हणणाऱ्याच्या ओळखीने आखली जात नाही.

जैन सिद्धांतानुसार सिद्ध अनंत आहेत; त्यांची यादी तत्त्वतःच पूर्ण होऊ शकत नाही. याउलट अरिहंत या भरतक्षेत्रात, म्हणजे आपण राहतो त्या भूमीवर, सध्याच्या पाचव्या आऱ्यात, म्हणजे कालखंडात, एकही नाही. जंबूस्वामींनंतर येथे कोणालाही केवलज्ञान, म्हणजे अरिहंतपदाला लागणारे संपूर्ण ज्ञान, झाले नाही असे परंपरा मानते, आणि विद्यमान तीर्थंकर आहेत ते महाविदेह नावाच्या दूरच्या क्षेत्रात. भाईंदरच्या उपाश्रयात बसलेल्या श्राविकेच्या पहिल्या नमनाचा एकही ग्राहक तिला गाठता येण्याजोग्या जगात नाही, तरी ते नमन खोटे ठरत नाही. समूहपत्त्याच्या कल्पनेने हे कोडे निम्मे सुटते. व्यक्तीचा पत्ता त्या व्यक्तीबरोबर नाहीसा होतो, पण समूहाचा पत्ता सदस्यांवाचूनही वैध राहतो, आणि उद्या कोणी त्या समूहात आला तर तोच पत्ता, काहीही न बदलता, त्याचा होतो. पदाला केलेला नमस्कार म्हणूनच भविष्यकाळातही पोहोचतो. जो अजून साधू झालेला नाही, त्याच्यासाठी जागा आधीच मोकळी ठेवलेली असते.

कोड्याचा उरलेला अर्धा भाग मात्र यंत्राच्या साहाय्याने सुटत नाही. पुढे एकही सदस्य नाही असे दिसले की राउटर पॅकेट टाकून देतो, आणि त्या पाठवणीतून कोणाचेच काही घडत नाही. सिद्ध हे रागद्वेषातून सुटलेले असल्याने प्रार्थनेला उत्तर देत नाहीत, प्रसन्न होत नाहीत, रागावतही नाहीत, हे जैन आचार्यांनी कधी लपवले नाही. नमस्काराचे फळ नमस्कार करणाऱ्याच्या परिणामांत, म्हणजे त्याच्या अंतःकरणाच्या अवस्थेत, शोधायचे असते. पाठवण्याची क्रियाच पाठवणाऱ्याला बदलते, ही गोष्ट कोणत्याही जाळ्याच्या मानकात लिहिलेली नाही, आणि साम्याचा मोह कितीही झाला तरी येथे थांबणे प्रामाणिकपणाचे आहे.

शेजारच्या दुसऱ्या श्रमण परंपरेने, म्हणजे बौद्ध परंपरेने, या बाबतीत वेगळा कौल दिला आहे. मीरा-भाईंदरमधल्या उत्तनच्या दक्षिणेला लागून असलेल्या गोराईत २००९ मध्ये खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोडाच्या खांबांविना उभ्या असलेल्या घुमटाखाली सुमारे ८,००० साधक एका वेळी बसू शकतात, आणि तिथल्या साधनेच्या अखेरीस सर्व प्राण्यांसाठी मंगलमैत्री केली जाते. मैत्रीभावनेचे शास्त्र पाचव्या शतकात बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात सविस्तर मांडले. पटिसंभिदामग्गाच्या आधारे त्यांनी मैत्रीचा प्रसार अमर्याद प्रकारे पाच रीतींनी, मर्यादित प्रकारे सात रीतींनी आणि दिशांनुसार दहा रीतींनी सांगितला आहे; मर्यादित प्रकारात सर्व स्त्रिया, सर्व पुरुष, सर्व आर्य, सर्व देव, सर्व मनुष्य असे गट येतात. सर्वांसाठीची आणि गटासाठीची पाठवणी यांतला भेद इतक्या बारकाईने केलेला पाहून आजच्या जाळेतज्ज्ञालाही नवल वाटावे. पण बुद्धघोष असेही बजावतात की मृत व्यक्तीवर मैत्रीभावना करू नये. दिवंगत आचार्यांवर मैत्री एकवटू पाहणाऱ्या एका तरुण भिक्षूची कथा ते देतात. त्याला ध्यान साधेना, तेव्हा एका ज्येष्ठ स्थविराने त्याला आपला विषय तपासायला सांगितले, आणि आचार्य हयात नाहीत हे कळल्यावर दुसऱ्या जिवंत व्यक्तीकडे वळताच त्याला ते साधले. बुद्धघोषांना मैत्रीसाठी जिवंत विषय हवा, तर नमस्कार मंत्राला तो नसला तरी चालतो. कारण मैत्रीत दुसऱ्याचे भले चिंतायचे असते आणि नमस्कारात एका गुणापुढे झुकायचे असते. हा फरक वरवरचा नाही, आणि दोन्ही परंपरांना ‘विश्वकल्याणाची प्रार्थना’ अशा एकाच शब्दात गुंडाळणाऱ्यांनी तो दृष्टीआड करू नये.

सदस्यत्व कसे मिळते, हा दुसरा प्रश्न. आणि येथे यंत्र आणि धर्म यांच्यातील नाते सर्वांत फलदायी ठरते. एखाद्या यंत्राला समूहाची पाठवणी हवी असेल तर ते आपल्या जवळच्या राउटरला आयजीएमपी या संकेताने तसे कळवते. कोणतेही यंत्र दुसऱ्याला समूहात दाखल करू शकत नाही. राउटर ठराविक काळाने, दुसऱ्या आवृत्तीतील नेहमीच्या मापाने दर १२५ सेकंदांनी, ‘अजून कोणी ऐकत आहे का’ असे विचारतो. २६० सेकंदांत कोणाचाही होकार आला नाही तर त्या बाजूची पाठवणी बंद होते. सदस्यत्व म्हणजे येथे एकदा मिळून कायम राहणारी मिळकत नाही, ते पुन्हा पुन्हा स्वीकारावे लागते. त्यातही एक सुंदर संकेत असा होता, की विचारणा झाल्यावर प्रत्येक यंत्राने यादृच्छिक असा थोडा वेळ थांबावे आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणी होकार दिलेला ऐकू आला तर स्वतः गप्प राहावे, कारण निदान एक श्रोता आहे एवढे कळणे पुरेसे असते. २००२ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत हा मौनाचा संकेत काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून राउटरला एकेका श्रोत्याची माहिती ठेवता येऊ लागली.

जैन श्रावकाच्या व्रतांची घडणही अशीच कालबद्ध आहे. सामायिक हे दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. त्या अवधीत समभावात राहण्याची प्रतिज्ञा उच्चारून घ्यायची, अवधी संपला की विधिपूर्वक ती सोडायची, आणि पुन्हा करायचे तर पुन्हा उच्चारून घ्यायचे. सकाळची नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत काही न खाण्यापिण्याची, आणि ती पाळायला त्यागाचा संकल्प, ज्याला पच्चक्खाण म्हणतात, आधी घ्यावा लागतो. पच्चक्खाण न घेता कोणी योगायोगाने तेवढा वेळ उपाशी राहिला तर त्याला व्रत घडले असे मानले जात नाही, हा नियम अतिशय अर्थपूर्ण आहे: शरीराची स्थिती तीच, पण समूहात प्रवेशाची क्रिया घडलेली नाही. भाईंदरमधील उपाश्रयात सकाळी साधू-साध्वींसमोर हात जोडून पच्चक्खाण घेणाऱ्यांची रांग लागते, तेव्हा त्यांतला प्रत्येक जण आपापल्या शक्तीनुसार वेगवेगळ्या व्रतात आणि वेगवेगळ्या मुदतीसाठी सामील होत असतो. जन्माने जैन असणे ही त्या क्षणापुरती पार्श्वभूमी असते. व्रती असणे हे कृत्य असते.

तरी एक भेद राहतो, आणि तो जैन तर्कशास्त्राच्या परिभाषेत नेमका पकडता येतो. तत्त्वार्थसूत्राने कोणत्याही पदार्थाचा विचार नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव या चार निक्षेपांनी, म्हणजे चार पातळ्यांवर, करायला सांगितले आहे. कोणाचे नुसते नाव ‘साधू’ असू शकते, साधूची मूर्ती किंवा चित्र असू शकते, साधुत्वाची बाह्य चिन्हे धारण केलेला देह असू शकतो, आणि खरोखर साधुत्वात असलेला जीव असू शकतो; मंत्राचे नमन जाते ते या चौथ्याला. समूहपत्त्याच्या मूळ मांडणीत ‘मी सदस्य आहे’ एवढे सांगणे पुरते, कोणी पारख करत नाही. मंत्राच्या समूहात सांगण्याला काहीच किंमत नाही. वेष घेतलेला, नाव मिळवलेला, पण भावाने साधू नसलेला त्या नमनातून आपोआप वगळला जातो, आणि कोणालाही न सांगता कुठल्या तरी गुहेत त्या अवस्थेला पोहोचलेला आपोआप सामावला जातो. वगळण्याचे काम कोणत्याही संघाध्यक्षाकडे नाही, ही या मंत्राची मोठी निर्भयता म्हणावी लागेल.

वैदिक परंपरेतील मीमांसकांनीही याच प्रश्नावर सहस्रकभर काथ्याकूट केला. स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने यज्ञ करावा, या विधीत कोणाचेही नाव नाही. वेद अपौरुषेय मानल्याने बोलणाराही कोणी नाही. आणि ऐकणारा ठरतो तो त्याच्या इच्छेने. ज्याला स्वर्ग हवा, त्याने ते वाक्य आपल्याला उद्देशून आहे असे समजावे. सांगणारा नाही, यादी नाही, फक्त विधी आणि त्याला प्रतिसाद देणारी कामना: समूहसंबोधनाचे याहून शुद्ध रूप सापडणे कठीण. पण जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात अधिकाराचा, म्हणजे कोणाला यज्ञ करता येईल याचा, विचार सुरू होतो तेव्हा या मोकळ्या पत्त्यासमोर दार उभे केले जाते. बादरी नावाच्या आचार्यांचे मत तेथे नोंदले आहे की इच्छा सर्वांनाच असल्याने अधिकारही सर्वांचाच आहे. सिद्धांत म्हणून मात्र ते स्वीकारले गेले नाही, आणि उपनयन व अध्ययन यांच्या अटीने शूद्रांना वगळण्यात आले. पत्ता खुला आणि प्रवेश बंद ही विसंगती महाराष्ट्राला चांगली परिचित आहे. विठ्ठलाच्या नावाची हाक सर्व जातींना होती, आणि त्याच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना मिळावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. बादरींचे मत ग्रंथात पूर्वपक्ष म्हणून का होईना टिकून राहिले, याबद्दल कृतज्ञ असले पाहिजे.

समूहसंबोधन आणि सर्वसंबोधन यांची गल्लत झाली की काय होते, हे मीरा-भाईंदरने २०१५ मध्ये पाहिले. त्या वर्षी सप्टेंबरात जैनांच्या पर्युषण पर्वाच्या काळात आठ दिवस जनावरांची कत्तल व मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय महापालिकेने घेतला, आणि शहरात व राज्यभर मोठा वाद उसळला. उत्तन, डोंगरी, चौक या किनारपट्टीवर कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज पिढ्यानपिढ्या राहतो, मीरा रोडच्या नया नगरात मुस्लिम वस्ती आहे, आगरी गावे शहराच्या जुन्या गाभ्यात आहेत. आठ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या या शहरात एका समूहाचे व्रत सर्वांसाठी आदेश बनले. न्यायालयांनीही या बाबतीत एकच एक उत्तर दिलेले नाही. अहमदाबादेतील पर्युषणकाळातला कत्तलखान्यांचा बंद सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये वाजवी निर्बंध म्हणून ग्राह्य धरला होता, तर २०१५ मध्ये मुंबईतील मांसविक्रीबंदीला मुंबई उच्च न्यायालयाने एका दिवसापुरती स्थगिती दिली. कायद्याचा निवाडा काहीही असो, व्रताच्या स्वरूपाचा विचार केला तर निष्कर्ष टाळता येत नाही: ज्याने पच्चक्खाण घेतलेले नाही त्याच्याकडून घडवून आणलेला त्याग जैन शास्त्राच्याच कसोटीवर व्रत ठरत नाही. त्यामुळे प्राण वाचतात, आणि ज्याला अहिंसा प्रिय आहे त्याला त्याचे मोल कमी वाटणार नाही, हे खरे. पण बंदीने जीवदया साधली तरी श्रावक घडत नाहीत, आणि पर्युषण हे मुख्यतः श्रावक घडण्याचे पर्व आहे.

तांत्रिक बाजूची एक मर्यादा येथे आठवते. स्थानिक जाळ्यात समूहपत्त्याचे रूपांतर यंत्राच्या हार्डवेअर-पत्त्यात करताना २८ बिटांपैकी २३ च वापरले जातात, त्यामुळे ३२ वेगवेगळे समूह एकाच हार्डवेअर-पत्त्यावर येऊन पडतात, आणि आपण ज्यात सामील नाही अशा समूहाचे पॅकेटही कधी कधी यंत्राच्या दारात येते. ते ओळखून बाजूला ठेवण्याचे काम आतल्या सॉफ्टवेअरला करावे लागते. दाट वस्तीच्या शहरात अजान, घंटानाद, आरती आणि व्याख्यान यांचा आवाज असाच प्रत्येकाच्या कानावर येतो, आणि आपले कोणते हे ठरवणे ऐकणाऱ्याच्या विवेकावर राहते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांवर निर्बंध घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००५ चा निकाल, आणि ध्वनिवर्धक वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही असे सांगणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल, हे या विवेकावर किती भार टाकावा याचीच सीमा आखतात.

समूहपत्त्याच्या मानकात आणखी एक नियम आहे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही: असा पत्ता घेणाऱ्याच्या रकान्यात येऊ शकतो, पाठवणाऱ्याच्या रकान्यात कधीही नाही. समूहाला उद्देशून बोलता येते, समूह स्वतः बोलत नाही. प्रत्येक पॅकेटच्या उगमाशी एक विशिष्ट यंत्र असते. भारतीय तर्कशास्त्रात हाच प्रश्न अवयव आणि अवयवी या नावांनी लढवला गेला. बौद्धांच्या मते अवयवांपलीकडे अवयवी असा काही पदार्थ नाही. नैयायिकांनी अवयवी खरा मानला, पण सैन्य आणि वन यांच्या उदाहरणाची चर्चा करताना असे समुदाय हे घटासारखे एकजीव अवयवी नव्हेत, हे त्यांनीही मान्य केले. नव्यन्यायाने त्यात सूक्ष्मता आणली: द्वित्व ही संख्या दोन वस्तूंपैकी एकेकीत नसते, ती पर्याप्ती नावाच्या संबंधाने दोघींत मिळून राहते. समुदायाला धर्म, म्हणजे गुणधर्म, असू शकतो, तो कोणा एकाचा नसतो. पण संख्या बोलत नाही, मागणी करत नाही, दुखावली जात नाही. ‘समाजाची मागणी आहे’, ‘समाजाच्या भावना दुखावल्या’ अशी विधाने शहराच्या सभागृहांत सर्व बाजूंनी होतात, तेव्हा पाठवणाऱ्याच्या रकान्यात कोणत्या माणसांचा पत्ता आहे हे विचारणे समाजाचा अपमान ठरत नाही. समाजाला केलेला नमस्कार शक्य आहे. समाजाने केलेली आज्ञा नेहमी कोणाची तरी असते.

मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगो येथे भरलेल्या, इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या बैठकीचा आवाज समूहप्रेषणाने तीन खंडांतल्या २० ठिकाणी ऐकवला गेला, तेव्हा हे तंत्र लवकरच जगभर पसरेल असे वाटले होते. सार्वजनिक इंटरनेटवर ते पसरले नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराचे भाव सदस्यांना क्षणोक्षणी पोहोचवण्यासारख्या बंदिस्त जाळ्यांत ते आजही समर्थपणे चालते, पण मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहणाऱ्या लाखो प्रेक्षकांना प्रत्येकी वेगळी प्रत पाठवली जाते. यामागे तांत्रिक अडचणी होत्या, पण त्यांच्याइतकेच मोठे कारण हे की कोण पाहतो, किती पाहतो आणि पैसे कोणाकडून घ्यायचे याचा हिशेब ज्याला ठेवायचा आहे, त्याला न मोजता देणारी पद्धत परवडत नाही. उत्तनच्या चर्चमध्ये १ नोव्हेंबरला ज्ञात-अज्ञात सर्व संतांचा सण होतो, किंवा सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी आणि नावे विसरली गेली त्यांच्यासाठीही पिंड ठेवला जातो, तेव्हा धर्म अजूनही ती हिशेबाबाहेरची पाठवणी सांभाळून आहे असे म्हणता येते.

ज्या जैन परंपरेने नमस्काराला नाव लागत नाही असे ठरवले, तिने क्षमेच्या बाबतीत मात्र वेगळा नियम केला. संवत्सरीच्या दिवशी, म्हणजे श्वेतांबरांच्या पर्युषणाच्या अखेरच्या दिवशी, प्रतिक्रमणात, म्हणजे दोष कबूल करून मागे फिरण्याच्या विधीत, सर्व जीवांची क्षमा मागितली जाते, आणि ती पाठवणी अर्थातच समूहाची, किंबहुना सर्वांची असते. आता त्या संध्याकाळी क्षमेचे एकच वाक्य व्हॉट्सॲपच्या समूहांवरून शेकडो जणांना एकदम जाते, आणि पाठवणारा मोकळा होतो. सर्व जीवांची क्षमा मागणे सोपे असते, कारण त्यांतला कोणीही समोर उभा नसतो. कल्पसूत्राच्या सामाचारी विभागात, जिथे चातुर्मासातील मुनींचे आचार सांगितले आहेत, तिथे दोघांत कलह झाला असेल तर धाकट्याने थोरल्याची क्षमा मागावी आणि थोरल्यानेही धाकट्याची मागावी, असा नियम आहे. दोषांची आलोचनाही गुरूसमोर, एकाने एकापाशी, दोष एकेक सांगून करायची असते. भाईंदरमध्ये एकाच मजल्यावर वर्षभर अबोला धरलेले दोन शेजारी संवत्सरीला सर्व प्राणिमात्रांची क्षमा मागून घरी परततात, तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे प्रतिक्रमण अपुरे असते, आणि ते पुरे करायला दोघांपैकी एकाने, शक्य तर वयाने मोठा असलेल्याने, समोरचे दार वाजवावे लागते.